हातातले काम आणि कडेवरचे लेकरू

लहान मूल घरात असताना लिहिणे, चित्र काढणे, गाणे किंवा शिवणटिपण चालू ठेवू इच्छिणाऱ्या माणसाने सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती अशी की मूल शाळेत जाऊ लागेपर्यंत सलग तीन तासांची निवांत बैठक मिळणार नाही. ती आज ना उद्या मिळेल या आशेवर जे थांबतात, त्यांची वही कपाटातच राहते. प्रत्यक्षात हाती येतात ते वीस मिनिटांचे, फार तर चाळीस मिनिटांचे तुकडे, आणि ते केव्हा संपतील हेही आपल्या हाती नसते. त्यामुळे या वर्षांत काम मध्येच कसे सोडावे, हे शिकणे अधिक गरजेचे ठरते. सुरुवात करणे त्या मानाने सोपे असते. जे काम कोणत्याही क्षणी खाली ठेवता येते आणि दुसऱ्या दिवशी नेमके तेथूनच उचलता येते, तेच या काळात टिकते.

मराठवाड्याला ही रीत नवी नाही. गोदाकाठच्या गंगाखेडच्या जनाबाईंचे नाव ज्या दळणकांडणाशी जोडले गेले आहे, त्याच जात्यावर पुढे कित्येक पिढ्यांच्या बायकांनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी गावोगावी फिरून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरते, आणि त्यांत परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्यासारख्या मराठवाड्यातील गाणाऱ्या बायकाही आहेत. या ओव्यांचा घाट पाहिला तर तो दोन-तीन ओळींत पुरा होतो. पाळण्यात मूल रडले, जाते थांबले, तरी ओवी तुटत नाही, कारण ती जेवढी आहे तेवढी झालेली असते, आणि पुढची ओवी नंतर केव्हाही तिच्या शेजारी येऊन बसते. माझ्या मते ओवीचा हा आटोपशीरपणा केवळ जात्याच्या लयीतून आलेला नाही. कोणत्याही क्षणी उठावे लागणाऱ्या बाईच्या दिवसाचाही त्याला हातभार आहे. मात्र ‘आमच्या आजीने पहाटे चार वाजता दळता दळता गाणी केली, मग तुला वेगळा वेळ कशाला हवा’ असे कोणी म्हणू लागले, तर ते मान्य करू नये. ती पहाट कोणी हौसेने निवडली नव्हती. ओवीकडून घ्यायचा तो तिचा घाट. तिच्यामागची सक्ती घेण्याचे कारण नाही.

म्हणून पहिले पाऊल म्हणजे आपल्या कामाचा आकार बदलणे. कादंबरी लिहिणाऱ्याने कादंबरी सोडावी असे नाही, पण तिचे एकेक प्रसंगाचे तुकडे पाडावेत आणि एका वेळी एकच तुकडा समोर घ्यावा. कवितेला, लघुकथेला, व्यक्तिचित्राला हा काळ अनुकूल असतो. चित्रकाराने रंगसाहित्य विचारपूर्वक निवडावे. अॅक्रिलिक रंग ब्रशवर वाळला की ब्रश कामातून जातो, त्यामुळे रडणाऱ्या मुलाकडे धावताना तो रंग परवडत नाही. तैलरंगाचे टर्पेंटाइन लहान मुलाच्या घरात नसलेलेच बरे. जलरंगाच्या वड्या मात्र वाळल्या तरी पाण्याच्या थेंबाने पुन्हा ओल्या होतात, आणि पेन्सिल व काळे पेन यांना तर काही आवरण्याचीच गरज नसते. दोन-तीन वर्षे केवळ रेखाटन केले म्हणून चित्रकार मागे पडत नाही, उलट हात बसतो.

गाणाऱ्याला एक सोय आहे, जिचा फायदा फार थोडे जण घेतात. झोळीला झोका देताना आवाज खाली, संथ आणि एकसारखा ठेवावाच लागतो, आणि खर्जाच्या रियाजालाही तेच हवे असते. मोबाइलवर तानपुरा मंद लावून मंद्र सप्तकातील एकेक स्वर श्वास पुरेल तितका लांबवावा. मूल झोपते आणि अर्ध्या तासाचा रियाजही होतो. तबला वाजवणाऱ्याला ही सोय नसली, तरी त्याला पढंत करता येते. मुलांना तोंडाने म्हटलेले बोल भारी आवडतात आणि ती लवकरच मागोमाग म्हणू लागतात.

काम सोडण्याची रीत

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मूल झोपेतून उठल्याचा आवाज आला की आपण हातातले वाक्य घाईघाईने पुरे करतो आणि उठतो. हे टाळावे. परिच्छेद पुरा करून उठले की दुसऱ्या दिवशी कोऱ्या जागेपासून आरंभ करावा लागतो, आणि वीस मिनिटांतील पंधरा मिनिटे काय लिहावे हे आठवण्यातच जातात. याउलट, पुढचे वाक्य ठाऊक असताना मध्येच थांबावे आणि उठण्यापूर्वी वहीच्या समासात एक ओळ लिहावी. ती ओळ ढोबळ असून चालत नाही. ‘पुढे कथा वाढवणे’ असे लिहिल्याने काही साधत नाही. ‘पुढे: सून आडावरून परत येते, हातात घागर नाही, सासू काही विचारत नाही’ असे लिहिले, तर दोन दिवसांनी, किंवा मूल तापाने फणफणल्यामुळे दोन आठवड्यांनी वही उघडली, तरी पेन आपोआप चालू लागते. ही ओळ लिहायला अर्धे मिनिट लागते, आणि रडणारे मूल अर्धे मिनिट थांबू शकते, त्याला काही होत नाही.

गोधडी शिवणाऱ्या बायकांना हे वेगळे सांगावे लागत नाही. आमच्याकडे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून कडेकडेने धावदोरा घालत आत सरकणारी वाकळ शिवतात. तिच्यात शेवटचा टाका कोठे आहे हे दुरूनही दिसते, त्यामुळे ती गुंडाळून ठेवली आणि महिन्याने उलगडली तरी हात बरोबर त्याच जागी जातो. मात्र पूर्वीप्रमाणे सुई कापडातच खोचून ठेवण्याची सवय रांगते मूल असलेल्या घरात मोडावी. दोरा चार बोटे मोकळा सोडावा, सुई काढून झाकणाच्या डबीत ठेवावी, आणि बसताना व उठताना डबीतील सुया मोजाव्यात. बसताना पाच होत्या आणि उठताना चार भरल्या, तर पाचवी सापडेपर्यंत मुलाला त्या खोलीत येऊ देऊ नये. कंटाळवाणे वाटले तरी या नियमाला पर्याय नाही.

सोडलेले काम मांडलेलेच राहील अशी एक जागा घरात हवी. स्वतंत्र खोली बहुतेकांकडे नसते आणि तिची गरजही नसते. माडीवरचा कोनाडा, मुलाचा हात न पोहोचणारी फळी, धान्याच्या कोठीवर ठेवलेली झाकणाची पेटी, यांपैकी काहीही चालते. अट एकच की साहित्य काढायला आणि ठेवायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागू नये. ज्या कामाची मांडामांड पंधरा मिनिटांची असते, ते काम मूल तीन वर्षांचे होईपर्यंत होत नाही, हे आधीच ओळखलेले बरे.

वही हाताशी नसेल तेव्हा मोबाइलमध्ये आवाज मुद्रित करावा. मराठीत बोलून टंकन करण्याची सोय आता साध्या कीबोर्डमध्येही आहे; ती ‘ळ’ आणि ‘ल’ यांत कधीकधी घोळ घालते, पण कल्पना निसटत नाही. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू यांनी टिपून ठेवली, आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये, म्हणजे बहिणाबाईंच्या निधनानंतर, ती पुस्तकरूपाने आली. टिपून घेणारा कोणी घरात नसेल तर ते काम यंत्राकडून करून घेण्यात संकोच कसला?

वेळ कोठून काढावा

बाळंतपणानंतरच्या पहिल्या सव्वा महिन्यात, आणि खरे तर पहिल्या तीन-चार महिन्यांत, काही निर्माण करण्याचा आग्रह धरूच नये. या काळात मूल दिवसातून चौदा ते सतरा तास झोपते खरे, पण ती झोप तुकड्यातुकड्यांची असते, आणि त्या तुकड्यांत आईने झोपणे हेच योग्य. सुचले तर एखादी ओळ टिपावी, बाकी नाही. मात्र उदासी, अकारण रडू, मुलाविषयी काहीच न वाटणे किंवा नको ते विचार येणे असे दोन आठवड्यांहून अधिक काळ राहिले, तर ‘लिहायला वेळ मिळत नाही म्हणून मन लागत नाही’ अशी स्वतःची समजूत काढू नये. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना दाखवावे, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे. तो चोवीस तास चालू असतो.

एक ते तीन वर्षांच्या मुलाची दुपारची झोप हा दिवसातील सर्वांत भरवशाचा तुकडा असतो. तो भांड्यांना आणि धुण्याला देऊन टाकण्याची सवय आपल्याला लागलेली असते. भांडी मूल जागे असतानाही घासता येतात, कविता लिहिता येत नाही. त्यामुळे झोपेच्या वेळी आधी काम आणि नंतर भांडी असा क्रम लावावा. ही दुपारची झोप तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान बंद होते, आणि ती बंद होते त्या महिन्यात अनेकांचे लेखनही बंद पडते. त्याच सुमारास अंगणवाडी हाताशी येते. १९७५ पासून चालत आलेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील ही अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना दिवसातील काही तास सांभाळते. मूल रुळेपर्यंतचे पहिले काही दिवस दारात बसावे लागते, ते वही घेऊनच बसावे.

ऋतूंचाही विचार करावा. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा चाळिशीपार जातो, पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही आणि वीज गेली की मूलही झोपत नाही. त्या दिवसांत पहाटेचाच वेळ खरा. थंडीत याच्या उलट. पहाटे अंथरुणातून आई उठली की ऊब गेल्याने मूल लगेच जागे होते, पण दुपारी गच्चीवरच्या उन्हात ते तासभर आनंदाने खेळते आणि आपण शेजारी बसून काम करू शकतो. आपल्याकडील अनेक शहरांत नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येते. पाण्याचा तो दिवस आठवड्याच्या आखणीतून सरळ वगळावा, म्हणजे हंडे-टाक्या भरताना आपले काम राहिले याची चुटपुट लागत नाही. भाद्रपदातील महालक्ष्म्यांचे तीन दिवस, लातूर-धाराशिवकडची येळवस म्हणजे वेळ अमावास्या, शेतीच्या घरात पेरणीचे आणि सोयाबीन काढणीचे दिवस, उन्हाळ्यातील लग्नसराई, हेही वगळावेत. एवढे वजा करूनही वर्षात पुष्कळ दिवस उरतात.

घरातल्यांशी बोलणे

‘मला थोडी मदत करा’ या वाक्याने काहीही घडत नाही. घरातील माणसे वाईट असतात म्हणून नव्हे; थोडी म्हणजे किती आणि केव्हा हे त्यांना कळत नाही म्हणून. मागायचे ते घड्याळ लावून मागावे आणि बदल्यात काय देणार तेही त्याच वाक्यात सांगावे. ‘आत्याबाई, साडेचार ते साडेपाच लेकराला तुमच्याकडं ठेवता का? तेवढ्यात मी माडीवर लिहीत बसते. संध्याकाळच्या भाकरी माझ्याकडं.’ असे म्हटले की समोरच्याला होय किंवा नाही म्हणता येते, आणि बहुतेक वेळा उत्तर होय असे येते. काय करत बसणार हेही स्पष्ट सांगावे. ‘जरा पडते’ असे खोटे सांगून लिहिले, तर ते पडणे घरात कोणीही मोडू शकते.

नवऱ्याशी बोलताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. मूल त्याच्याकडे सोपवले आणि दर दहा मिनिटांनी ‘याचा सदरा कुठे आहे’ असा प्रश्न आला, तर तो तास गेला असेच समजावे. ‘अहो, रविवारी आठ ते दहा लेकरू तुमच्याकडं. दूध, सदरा, औषध कुठं आहे ते आत्ताच बघून ठेवा, मला हाक मारायची नाही.’ पहिले दोन रविवार मुलाचा सदरा उलटा घातला जाईल. तो उलटाच राहू द्यावा. आणि नवराच चित्रकार किंवा कवी असेल, तर हाच हिशेब त्यालाही लागू होतो. मुलाच्या जन्मानंतरही ज्याची बैठक पूर्वीसारखीच चालू राहिली, त्याने ती कोणाच्या वेळातून चालू राहिली हे एकदा तपासावे.

वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्या छोट्या कुटुंबात सासू-सासरे गावाकडे असतात आणि कारखान्याची पाळी दर आठवड्याला बदलते. तेथे रोजची ठरावीक वेळ बांधता येत नाही. पाळीचा तक्ता आला की त्याच दिवशी त्या आठवड्याचे तीन तास त्यावर लिहून टाकावेत, आणि शेजारणीशी अदलाबदल ठरवावी: मंगळवारी तिची मुले आपल्याकडे, गुरुवारी आपली तिच्याकडे. तिला लिहायचे नसेल, झोपायचे असेल, तरी हिशेब तोच.

मुलासमोर आणि मुलासह

मुलाला मोबाइल देऊन वेळ विकत घेण्याचा मोह प्रत्येकाला होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांच्या आतील मुलाला पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा आहे, कमी असेल तितके चांगले. तो तास द्यायचाच असेल तर निदान तो आपल्या कामाच्या वेळेला जोडून द्यावा. आपण चहा पीत बसलो असताना तो खर्ची घालणे म्हणजे उधळपट्टी.

त्यापेक्षा परातीत मूठभर ज्वारीचे पीठ आणि एक वाटी द्यावी. दोन वर्षांचे मूल त्यात अर्धा तास रमते, पीठ सगळीकडे होते, ते झाडून काढायला पाच मिनिटे लागतात. हिशेब आपल्याच बाजूचा आहे. पाटी-पेन्सिलही अशीच उपयोगी पडते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला चिपाडांची बैलगाडी किंवा पोळ्याच्या आसपास चिखलाचे बैल करायला बसवावे. येथे एक भेद मात्र सांभाळावा: मुलासोबत केलेली चित्रे हा आनंदाचा भाग आहे, पण ते आपले काम नव्हे. दिवसभर मुलासोबत रंग खेळून रात्री काहीच हाती लागले नाही असे वाटत असेल, तर ते वाटणे खरे आहे आणि त्यासाठी स्वतःचा वेगळा तुकडा राखायला हवा.

तीन वर्षांच्या आतील मूल हाताला येईल ते तोंडात घालते. बटणे, मणी, टिकल्या आणि विशेषतः स्वर जुळवण्याच्या छोट्या यंत्रांतील चपट्या बॅटऱ्या बंद डब्यात आणि उंचावर ठेवाव्यात. अशी बॅटरी मुलाने गिळल्याची शंका जरी आली, तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे, कारण ती अन्ननलिकेला काही तासांत भाजते. टर्पेंटाइन किंवा रॉकेल पोटात गेल्यास उलटी करवू नये, तसेच दवाखान्यात न्यावे; उलटीतून ते फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो.

केलेले काम कोणाला तरी दाखवण्याची तारीख ठरलेली असावी, नाहीतर तुकडे जमत राहतात आणि त्यांचे काहीच होत नाही. दिवाळी अंकांचे साहित्य पावसाळ्यातच पाठवावे लागते, त्यामुळे उन्हाळ्याच्या आरंभी एक कथा हाती घेतली तर तिला तेवढे महिने मिळतात. लिहिणाऱ्यांसाठी मराठवाडा साहित्य परिषदेच्या तालुक्या-तालुक्यांतील शाखांचे कार्यक्रम असतात, परभणीसारख्या ठिकाणी आकाशवाणी केंद्र आहे. हे काहीच जमत नसेल तर एखादी मैत्रीण पुरते, जिला महिनाअखेरीस जे झाले असेल ते, जसे असेल तसे, पाठवायचे.

मूल सहा वर्षांचे होते, पहिलीत जाते, आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडली की एकाएकी दिवसाचे चार-पाच तास मोकळे दिसू लागतात. या तासांवर घरातील सर्वांचा डोळा असतो. राहिलेली वाळवणे, बँकेची कामे, सासरच्या-माहेरच्या भेटी आणि पाच वर्षे न आवरलेले माळे पहिल्या आठवड्यातच त्यांत शिरतात. म्हणून शाळा उघडण्यापूर्वीच, मे महिन्यात, यांपैकी कोणते दोन तास कामाचे हे घरात सांगून टाकावे आणि दिनदर्शिकेवर लिहावे. शनिवारी अनेक ठिकाणी शाळा सकाळची असते. तो दिवस धरू नये. बाकीच्या पाच दिवशी मुलाला फाटकाशी सोडून आल्यावर स्वयंपाकघरात न शिरता आधी पेटी उघडावी.